गोड्या पाण्याची पहिली मत्स्यटाकी: मासे आणण्याआधीची तयारी

काचेची टाकी, रंगीत खडे, फिल्टर आणि पिशवीत बांधलेले मासे एकाच फेरीत घरी आणायचे, संध्याकाळी टाकी भरून मासे त्यात सोडायचे आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ते एकेक करून मरताना पाहायचे, हा अनुभव अनेक घरांना आलेला असतो. दोष बहुधा नळाच्या पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात ते मासे बहुतेक वेळा स्वतःच्याच शरीरातून बाहेर पडलेल्या अमोनियाने मेलेले असतात, आणि हे टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मासे आणण्यापूर्वी टाकी ‘सायकल’ करून घेणे, म्हणजे हा अमोनिया निकामी करणारे जीवाणू तिच्यात आधीच वाढवून घेणे.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने यांतूनही तोच तयार होतो. टाकीतील काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट बनवतात आणि दुसरे, प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातले जीवाणू, त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनियाने कल्ल्यांना इजा होते. नायट्राइटमुळे रक्तातील हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नष्ट होते, त्यामुळे पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून ते काढून टाकता येते. अडचण इतकीच की हे उपयुक्त जीवाणू फार सावकाश वाढतात. अन्न कुजवणारे साधे जीवाणू तासाभरात दुपटीहून अधिक होऊ शकतात, तर यांना दुप्पट व्हायला बहुधा अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून नव्या टाकीला साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

टाकी, जागा आणि फिल्टर

पहिली टाकी लहान असावी, म्हणजे सांभाळायला सोपी जाईल, ही समजूत चुकीची आहे. पाणी जितके कमी, तितके त्यातील तापमान आणि अमोनिया झपाट्याने बदलतात. काचेच्या गोल भांड्याचा तर विचारही करू नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर उरते. नवशिक्यासाठी हा आकार योग्य. भरलेल्या टाकीचे वजन पाऊणशे किलोच्या आसपास जाते, त्यामुळे टीव्हीच्या प्लायवूडच्या कपाटावर ती ठेवणे धोक्याचे आहे. सपाट, मजबूत स्टँड घ्यावा, टाकीखाली अर्धा इंच जाडीचा थर्मोकोल घालावा आणि थेट ऊन येणारी खिडकी टाळावी. टाकी जागेवर बसवण्यापूर्वी बाल्कनीत किंवा न्हाणीघरात सपाट जागी भरून एक दिवस ठेवली, तर सिलिकॉनचा जोड गळतो का हे तिथेच कळते.

फिल्टरच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या टाकीला हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. तो स्वस्त असतो, स्पंजच्या सच्छिद्र पृष्ठभागावर जीवाणूंची उत्तम वस्ती होते, आणि वीज गेल्यावर बॅटरीवरच्या छोट्या एअर पंपावरही तो चालू ठेवता येतो, ही गोष्ट भारनियमनाच्या भागात विशेष मोलाची आहे. फिल्टर चोवीस तास चालला पाहिजे. वीज वाचवण्यासाठी रात्री पंप बंद करणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा: पाच वॉटचा पंप अहोरात्र चालवला तरी महिन्याला चार युनिटांहून कमी वीज लागते. उलट पंप बंद राहिल्यास स्पंजमधील जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही आणि त्यांची हानी होते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी, नाहीतर वीज जाताच टाकीतील पाणी उलटे पंपात उतरू शकते.

मुंबईत आणि कोकणात हीटरची गरज फारशी भासत नाही. नाशिक, पुणे, नागपूर येथील थंडीत मात्र लागतो, आणि लिटरमागे एक वॉट हा ढोबळ हिशेब त्यासाठी पुरतो. सायकल करताना पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअसला राहिले तर जीवाणूंची वाढ चांगली होते.

तळाला नदीची बारीक खडी किंवा जाड वाळू दोन इंच पसरावी. ती पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, साबणाचा स्पर्शही होऊ देऊ नये. समुद्राची वाळू, शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे पाण्यात चुना सोडतात व पाणी जड करतात. शंका असल्यास दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तो दगड टाकीत नको. आपल्याकडचा काळा बेसाल्ट या परीक्षेत सहसा उत्तीर्ण होतो आणि दिसतोही देखणा. वनस्पतींमध्ये वॅलिस्नेरिया, जावा मॉस आणि अनुबियास यांना कमी उजेड चालतो. अनुबियासचे जाड खोड मात्र खडीत पुरू नये, ते कुजते. दगडाला दोऱ्याने बांधावे.

पाणी

नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणू मारण्यासाठीच घातलेले असते, आणि आपल्याला हव्या असलेल्या जीवाणूंना ते वगळत नाही. दुकानात मिळणारे अँटिक्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, ज्याला हायपो म्हणतात. बाटलीवरच्या प्रमाणानुसार ते टाकताच क्लोरीन निष्प्रभ होते. पसरट भांड्यात पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवूनही साधे क्लोरीन उडून जाते, मात्र क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, तसे जात नाही. विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी आपण यातून सुटलो असे समजू नये, कारण ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते ती याच कामासाठी. क्लोरीन आहे की नाही हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने कळते: द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे.

पाण्याचा दुसरा गुण सहसा दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे कार्बोनेट कठीणपणा, अर्थात केएच. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि पाण्यातील बायकार्बोनेट ते शोषून घेते. बायकार्बोनेट संपले की पीएच घसरतो, तो ६.५च्या खाली गेला की जीवाणूंचे काम मंदावते आणि ६च्या आसपास जवळजवळ थांबते. मुंबईला धरणांतून येणारे पाणी मृदू असते, त्यामुळे तिथे ही अडचण येऊ शकते. बोअरवेलच्या जड पाण्यात ती सहसा येत नाही. अमोनियाच्या २ पीपीएमच्या एका मात्रेमागे, पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, सुमारे १२ पीपीएम क्षारता, म्हणजे आम्ल शोषण्याची ही क्षमता, खर्च होते. केएचचा एक अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम, त्यामुळे केएच दोन अंश असेल तर अशा तीन मात्रांतच ती संपते. उपाय सोपा आहे: ५० लिटर पाण्यात ३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, खाण्याचा सोडा विरघळवून घातला की केएच सुमारे दोन अंशांनी वाढतो. धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नये, त्याने पीएच एकदम वर चढतो.

अमोनियाची मात्रा

टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, क्लोरीन गेले, तरी रिकामी टाकी कितीही दिवस नुसती चालू ठेवून सायकल होत नाही. जीवाणूंना अन्न लागते आणि ते अमोनियाच्या रूपाने आपल्यालाच द्यावे लागते. मोजून देण्यासाठी सर्वांत सोयीचा पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. कल्हईवाल्याकडे असतो तोच हा, पण बाजारातल्या ढेपेची शुद्धता सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर आणावी. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पावडर विरघळवून बाटलीत भरावी, तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. या द्रावणाचे ३० मिलिलिटर ५० लिटर पाण्यात घातले की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. याहून जास्त घालून काम लवकर होत नाही.

पावडर मिळत नसेल तर फडक्यात बांधलेली सोललेली कोळंबी टाकीत सोडणे किंवा रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकणे हेही मार्ग आहेत. त्यांत मात्रा हाती राहत नाही, पाणी गढूळ होते आणि कोळंबीचा वास घरातल्यांना किती दिवस सहन होईल हाही प्रश्न आहेच.

चाचणीच्या पट्ट्यांऐवजी थेंबांचा संच घ्यावा. त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच हे चारही घटक मोजता यायला हवेत. मासे, दिवे, सजावट यांवरचा खर्च नंतर करता येईल. या संचावर मात्र काटकसर करू नये, कारण सायकल पूर्ण झाली की नाही हे दिनदर्शिका सांगत नाही आणि नितळ पाणीही सांगत नाही.

पहिली मात्रा घातल्यावर काही दिवस आकडे हलत नाहीत. याच काळात पाणी दुधाळ होऊ शकते. ते कुजवणाऱ्या जीवाणूंमुळे होते आणि आपोआप निवळते. साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसू लागते. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा मात्रा द्यावी, पण आता निम्मी, म्हणजे १५ मिलिलिटर, पुरे. यानंतरचा टप्पा सर्वांत कंटाळवाणा असतो. नायट्राइट चढत जाते, तक्त्यातील शेवटच्या जांभळ्या रंगावर थांबते आणि दिवसेंदिवस तिथेच राहते. असे झाले तर निम्मे पाणी बदलावे. जीवाणू पाण्यात नव्हे, तर स्पंज, खडी आणि काच यांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात, त्यामुळे क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदल केल्यास सायकल मागे जात नाही. या काळातील नायट्रेटच्या आकड्यावर फार विसंबू नये. ती चाचणी नायट्रेटचे आधी नायट्राइट करून मोजते, म्हणून टाकीत नायट्राइट जास्त असेल तर नायट्रेटही फुगलेले दिसते. आकडे आठवडाभर जागचे हलले नाहीत, तर सर्वांत आधी पीएच पाहावा.

हा काळ निश्चितपणे कमी करणारी एकच युक्ती आहे: ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा ओल्या स्थितीत आणून आपल्या फिल्टरशेजारी ठेवावा. त्याने आठवड्यांचे काम कधी कधी काही दिवसांवर येते. पाकिटातून मिळणाऱ्या कोरड्या ‘बॅक्टेरिया पावडरी’बद्दल मी साशंक आहे. नायट्रीकरण करणारे जीवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे कोरड्या भुकटीत ते दीर्घकाळ जिवंत राहणे अवघड असते. अशा पाकिटांत सहसा गाळ कुजवणारे वेगळेच जीवाणू असतात.

पूर्ण २ पीपीएमची मात्रा दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच घडले, की टाकी तयार झाली. आता ७० ते ८० टक्के पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणावे आणि एक-दोन दिवसांत मासे आणावेत. उशीर होणार असेल तर एक दिवसाआड निम्मी मात्रा देत राहावे, कारण उपाशी राहिलेली वस्ती क्षीण होते.

पहिले मासे आणि पुढची देखभाल

या टाकीत सुरुवातीला सहा झेब्रा डॅनियो सोडावेत. आपल्याच उपखंडातील ओढ्यांमधला हा मासा काटक आहे आणि थव्याने राहतो. पाणी जड असेल तर गप्पीही उत्तम, पण फक्त नरच घ्यावेत, अन्यथा काही महिन्यांत जागा पुरणार नाही. गोल्डफिश दोन फुटी टाकीत घेऊ नये. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर तर मुळीच नको. तो फुटाहून मोठा होतो, आणि कंटाळलेल्या लोकांनी नदी-तलावात सोडून दिल्यामुळे तिथल्या मच्छीमारांची डोकेदुखी बनला आहे.

पिशवी न उघडता वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. दुकानाचे पाणी टाकीत ओतू नये. पहिला आठवडा रोज चाचणी घ्यावी. पुढचे मासे दोन आठवड्यांनी आणावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, आणि स्पंज मळला की त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. नळाखाली स्पंज धुणे म्हणजे सहा आठवड्यांची मेहनत क्लोरीनच्या हवाली करणे.

पीएचकडे नंतरही लक्ष असावे, कारण अमोनियाचा विषारीपणा त्यावर अवलंबून असतो: पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, तर ८ असताना तो वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणाचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरणासाठी तुरटी आणि क्लोरीन या दोन्हींचे प्रमाण वाढवावे लागते, आणि तुरटी पाण्यातील क्षारताही खाते. म्हणून जून-जुलैमध्ये पाणी बदलण्यापूर्वी ओटी चाचणी करावी, रंग नेहमीपेक्षा गडद आल्यास अँटिक्लोरीनची मात्रा वाढवावी, केएच मोजावा आणि एका वेळी पाव हिश्श्याऐवजी दहा टक्केच पाणी, पण आठवड्यातून दोनदा, बदलावे.