जॉ अडकतो, कोन थरथरतो, खडी चपटी येते? क्रशरवरच्या या चुका टाळा

जॉ, म्हणजे दोन जबड्यांत मोठा दगड चिरडणारा पहिला क्रशर, दिवसातून दोन-तीनदा अडकत असेल, तर पाना हातात घेण्याआधी हॉपरमध्ये (माल ओतायच्या पेटीत) काय पडतंय ते बघा. 36 बाय 24 इंची जॉचं तोंड 24 इंचांचं असलं, तरी त्यात 19-20 इंचांपेक्षा मोठा डबर (खाणीतला मोठा दगड) टाकू नये. त्याहून मोठा दगड दातांना धरता येत नाही; तो वरच नाचत राहतो आणि मागचा सगळा माल खोळंबतो. मोठा डबर खाणीतच ब्रेकरने फोडून आणा.

आपल्या काळ्या पाषाणात थरांमध्ये लाल मातीचे पट्टे येतात. पावसाळ्यात ही माती आणि मुरूम जॉच्या खालच्या तोंडाशी गच्च बसतात. ग्रिझलीच्या, म्हणजे जॉच्या आधी माती-बारीक माल गाळणाऱ्या गजांच्या जाळीच्या, फटी रोज मोकळ्या करा, म्हणजे माती जॉपर्यंत कमी पोचेल.

टॉगल प्लेट (हलत्या जबड्याला मागून आधार देणारी प्लेट) सारखी तुटते म्हणून जाड प्लेट बनवून बसवणं ही फार महागात पडणारी चूक आहे. चुकून लोखंड आत गेलं, तर आधी तीच तुटावी म्हणून ती मुद्दाम कमी ताकदीची ठेवलेली असते. ती जाड केली, की तोच झटका पिटमनला (हलत्या जबड्याच्या सांगाड्याला) आणि शाफ्टला बसतो. टॉगलचा खाडखाड आवाज येत असेल, तर टॉगल जागेवर धरून ठेवणाऱ्या टेन्शन रॉडची स्प्रिंग ढिली झालेली असू शकते. आवाज थांबेल इतकीच आवळा. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले, की रॉड तुटलाच म्हणून समजा.

जॉ प्लेट, म्हणजे जबड्यावरची दातेरी प्लेट, सहसा खालच्या बाजूला जास्त झिजते. तिथले दात सपाट व्हायच्या आत प्लेट उलटी करून लावा. बसवताना मागची जागा घासून साफ करा आणि पहिल्या शिफ्टनंतर बोल्ट पुन्हा आवळा.

चपट्या खडीसाठी बरेचजण जाळ्या बदलत बसतात, पण कारण बहुतेकदा अर्धवट भरलेल्या कोनमध्ये, म्हणजे जॉनंतरच्या शंकूच्या आकाराच्या क्रशरमध्ये, असतं. मँटलचं (आतल्या फिरत्या शंकूवरच्या आवरणाचं) डोकं झाकलेलं राहील इतका माल चारी बाजूंनी सारखा पडला, की दगडावर दगड घासून कोपरे मोडतात. बारीक माल हवा म्हणून सेटिंग (माल बाहेर पडायची फट) आवळत गेलात आणि वरची रिंग उडायला लागली, तर ती थांबेपर्यंत सेटिंग उघडा. तशीच चालवली तर रिंगची बैठक खराब होते.

कन्व्हेयरवर चुंबक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जॉ प्लेटचा तुटका तुकडा मँगनीज पोलादाचा असतो, त्याला चुंबक धरत नाही. कोनच्या आधी मेटल डिटेक्टर हवाच.

ट्रॅकवरचं मशीन हलवलं, की लेव्हल बघूनच सुरू करा. तिरकं असेल तर माल एका बाजूला साचतो आणि लायनर (आतलं झिजणारं अस्तर) तिकडेच झिजतो.

अडकलेला जॉ भरलेला असताना पुन्हा सुरू करू नका. फीडर आणि मोटार बंद करा, मेन स्विचला कुलूप लावा आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात राहू द्या. फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर त्याला पाचर मारा. दगड वरून साखळीने किंवा ब्रेकरने काढा. जबड्यात कुणीही उतरायचं नाही, कारण दाबात असलेला दगड सुटताना उसळतो.