प्रोसेसर आणि कॅशची माहिती काढायला बसण्याआधी

बेंचमार्क (वेगाची मोजणी) घ्यायचा असो की प्रोग्रॅममधल्या बफरचा आकार ठरवायचा असो, प्रोसेसर आणि त्याच्या कॅशची (रॅमपेक्षा वेगवान, छोट्या मेमरीची) माहिती लागते. ती काढताना आधी एक कोरी टेक्स्ट फाइल करा आणि प्रत्येक कमांडचं आउटपुट थेट तिच्यात वळवा. आकडे हाताने उतरवले की केबीचं एमबी होतं. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच स्पेलिंग टाकायचं.) सिस्टिमची भाषा इंग्रजी नसेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लावा, नाहीतर लेबलं भाषांतरित येतात आणि ग्रेपला (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडला) काही सापडत नाही.

लिनक्सवर सुरुवात एलएससीपीयूने, म्हणजे प्रोसेसरची माहिती देणाऱ्या कमांडने. मॉडेलचं नाव, सॉकेट, कोअर, थ्रेड हे सगळं समोरच दिसतं. नजर मात्र ‘हायपरव्हायझर व्हेंडर’ ही ओळ आहे का यावर ठेवा. असली तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनवर आहात आणि कॅशचे आकडे हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सांगेल ते. ते खऱ्या सिलिकॉनचे असतीलच असं नाही. कंटेनरमध्ये उलटा घोळ: तिथे होस्टचे (मूळ मशीनचे) सगळे सीपीयू दिसतात, वापरायचा कोटा दोनचाच असला तरी. सीपीयू मोजणारी एनप्रॉक ही कमांडही जुन्या आवृत्त्यांत तो कोटा बघत नाही. सीग्रुप व्ही2 (लिनक्सची कोटा लावायची यंत्रणा) असेल तर सीपीयू.मॅक्स ही फाइल वाचा.

आता जे राहून जातं ते. कॅशचे थर असतात: एल1, एल2, एल3. एल3 किती, एवढं लिहून थांबू नका. ती कोणाकोणात वाटलेली आहे ते लिहा. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. एएमडीचे रायझन 7 3700एक्स आणि रायझन 7 5800एक्स हे प्रोसेसर शेजारी ठेवा: दोन्हींत 8 कोअर, 16 थ्रेड, एल2 एकूण 4 एमबी, एल3 32 एमबी. कागदावर जुळी भावंडं. पण 3700एक्समध्ये एल3 16-16 एमबीच्या दोन तुकड्यांत आहे, चार-चार कोअरना एकेक. 5800एक्समध्ये अख्खी 32 एमबी आठही कोअरना सामाईक. म्हणजे एकाच थ्रेडने 24 एमबीचा टेबल पुन्हापुन्हा चाळला तर एकीकडे तो एल3मध्ये मावतो आणि दुसरीकडे रॅमच्या वाऱ्या सुरू होतात.

हे कळतं /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू0/कॅश/इंडेक्स3/ मधल्या शेअर्ड_सीपीयू_लिस्ट या फाइलवरून. 3700एक्सवर 0-3,8-11 येतं, 5800एक्सवर 0-15. फक्त सीपीयू0 बघू नका. पाथमध्ये सीपीयू0 च्या जागी सीपीयू* टाका आणि ग्रेप, टिंब, पाथ असं चालवा, म्हणजे फाइलच्या नावासकट सगळ्या ओळी येतात. इंडेक्स3 म्हणजे एल3च, असंही गृहीत धरू नका. शेजारची लेव्हल फाइल बघा, एका सेकंदाचं काम आहे.

एलएससीपीयूची आवृत्तीही नोंदवा, कारण आकड्याचा अर्थच बदलत गेलाय. उबुंटू 18.04 मध्ये कॅशच्या एका तुकड्याचा आकार दिसतो, 20.04 मध्ये सगळ्यांची बेरीज, पण ती बेरीज आहे हे कुठेच लिहिलेलं नाही. 22.04 पासून कंसात ‘2 इन्स्टन्सेस’ असं येतं. तो कंस कापू नका! सर्वांत सरळ मार्ग एलएससीपीयू -सी, सी कॅपिटल (छोटा सी वेगळाच ऑप्शन आहे). त्यात एकाचा आकार आणि सगळ्यांचा आकार असे दोन वेगळे रकाने मिळतात. वेज, सेट्स आणि लाइनचा आकारही मिळतो (लाइन म्हणजे कॅशमध्ये एका वेळी येणारा ठोकळा, सेट म्हणजे लाइनींचा गट, वेज म्हणजे एका सेटमधल्या लाइनी). पडताळा घ्या: 8 वेज × 64 सेट्स × 64 बाइट = 32768, म्हणजे एल1डीचे (एल1मधल्या डेटाच्या भागाचे) 32 केबी बरोबर. पण वाटणी कोणाकोणात, हे या तक्त्यातही नाही. त्यासाठी शेअर्ड_सीपीयू_लिस्टच.

/प्रॉक/सीपीयूइन्फोमधल्या ‘कॅश साइझ’वर विसंबू नका. इंटेलवर तिथे सहसा एल3 असते, रायझनवर एल2, त्यामुळे 512 केबी बघून लोक घाबरतात. तिथला मेगाहर्ट्झचा आकडा त्या क्षणाचा असतो.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अनेक मॉडेलांत दोन प्रकारचे कोअर आहेत. आय7-12700 मध्ये मोठ्या कोअरची एल1डी 48 केबी, छोट्याची 32. छोट्या चौघांत मिळून एकच 2 एमबीची एल2. एका कोअरवरून बाकीच्यांचा अंदाज बांधला की फसलात. एलएससीपीयू -ई प्रत्येक सीपीयूची वेगळी ओळ देतो.

डीएमआयडीकोड या कमांडला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागतं. तो बायोसने भरलेलं सांगतो, तेव्हा आधार म्हणून ठीक. कॅशचे आकडे देणारी गेटकॉन्फ ही कमांड काही एआरएम मशीनवर शून्य देते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स विन32_प्रोसेसर. त्यात एल2, एल3 मिळते, वाटणी नाही, त्यासाठी कोअरइन्फो हे टूल. मॅकवर सिसकंट्रोल -ए, मग कॅश शब्द ग्रेप करा. अ‍ॅपलच्या एम1 वर लाइन 128 बाइटची निघते, दचकू नका.

टास्कसेट (प्रोग्रॅमला ठरावीक सीपीयूंवरच चालवणारी कमांड) लावणार असाल तर यादीतला एकच गट द्या, 3700एक्सवर 0-3,8-11. लॉगआउटआधी फाइल उघडून बघा, शेअर्ड_सीपीयू_लिस्टच्या ओळी आल्यात ना.