पणजोबा शोधायचे तर आधी फेरफार काढा

पूर्वजांचा शोध आडनावाच्या उगमापासून सुरू केला की माणूस तिथेच गुरफटतो. आपल्यापासून मागे मागे जा.

आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. मूळ गाव, जमीन कोणत्या शिवारात होती, कुलदैवत कोणतं, एवढं लिहून घ्या. सालं विचारून उपयोग नाही. ‘आजोबा गेले ते कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’ असं विचारा. १९६७ हाताशी येतं.

मग सातबारा. नावाजवळ वर्तुळात फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचे, क्रमांक असतात. त्या नोंदीची नक्कल तलाठ्याकडे, फार जुनी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, विधवा, मुलगे, मुली असे सगळे एकत्र भेटतात. तिथून आधीचा फेरफार, म्हणजे आणखी एक पिढी मागे. जमीन विकली गेली असली तरी गट किंवा सर्व्हे नंबरावरून हाच माग काढता येतो. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर तेव्हा वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थांबा: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाच भावाचं नाव लागलंय, बाकीचे भाऊ कागदाबाहेर आहेत. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पत्रक, म्हणजे तिथली जमिनीची जुनी नोंद, पाहा. त्यामागचे निजामकाळचे कागद बरेचसे उर्दूत. इसवी सन काढायला फसली सनात (निजामी महसुली वर्षात) ५९० मिळवा, शकात ७८.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत इथे घात करते. रामचंद्र गोविंद, गोविंद रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गोविंद! दोन माणसांचा एक करून मी दोन महिने वाया घालवले. प्रत्येक नावापुढे मृत्यूचं साल लिहा.

पणजी शोधणं त्याहून अवघड, कारण लग्नात तिचं नावच बदललेलं असतं. पण पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी व्हायचं. माहेरच्या गावाचा नुसता अंदाज असला, तरी तिथलं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (तेव्हाचा गाव नमुना १४), पाहा. थोरल्या मुलाचा जन्म तिथे सापडू शकतो.

शेवटी नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. गाव-आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं. त्यांच्या वहीत तुमच्या घरचं कोण, कधी, कोणाबरोबर तीर्थाला आलं ते असतं. जुनी पानं मोडीत असतात, म्हणून आधी परवानगी घेऊन फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. दक्षिणा आधीच बोलून घ्या. निघताना तुमच्याही घरची नावं लिहून घेतील, तेव्हा बायकोचं माहेर आणि माहेरचं नाव आठवणीने लिहायला सांगा.