'रन' म्हणजे नुसतं धावणं नाही

इंग्लिश वाचताना 'रन' दिसला की आपण लगेच धावणं धरून चालतो आणि तिथेच गाडी अडते. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी ह्या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत, 'सेट'लाही मागे टाकलंय त्याने. ते पाठ करत बसू नका प्लीज, फक्त बघा की नेमकं काय रन होतंय आणि पुढचा शब्द कुठला आलाय. नाक रन होतंय म्हणजे वाहतंय, लाल ओढणीचा रंग रन झाला म्हणजे धुताना उतरला, कोणी बेकरी रन करतं म्हणजे चालवतं. 'रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलं, 'रन इनटू अ फ्रेंड' म्हणजे मैत्रीण अचानक भेटली पण तेच 'रन इनटू अ वॉल' झालं की भिंतीवर आदळणं! अमेरिकन बातम्यांत 'रन फॉर' म्हणजे निवडणूक लढवणं, ब्रिटनमध्ये त्यालाच 'स्टँड' म्हणतात.

आणि घाबरू नका हो, आपलं 'लागणे' बघा की. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दहावीचा निकाल लागतो, भात खाली लागतो, कुठे अडतो आपण? कारण लहानपणापासून हे शब्द जोडीनेच कानावर पडलेत. म्हणून वहीत सुटा 'रन' लिहू नका, अख्खा तुकडा लिहा आणि समोर आपलं मराठी क्रियापद. मी मुलांना असंच शिकवते, रोज तीन तुकडे, बास.