लोकप्रिय बॉक्सर 'हॉल ऑफ फेम'च्या योग्यतेचा आहे की नाही, हे कसे ठरवावे

आमच्या गावच्या आखाड्यात मारुतीच्या तसबिरीच्या शेजारी जुन्या पैलवानांचे फोटो लावलेले आहेत, आणि कोणाचा फोटो त्या भिंतीवर लागावा यावरून दर दोन-चार वर्षांनी वाद होतो. आमदंगलीत ज्याच्या कुस्तीला सर्वाधिक टाळ्या पडल्या, ज्याच्या अंगावर लोकांनी नोटा उधळल्या, त्याचाच फोटो लावावा असे तरुण मुले म्हणतात. त्याने कोणाला चीत केले, असे म्हातारी मंडळी विचारतात. आता हीच मुले मोबाईलवर जुन्या बॉक्सिंग लढती पाहतात, त्यामुळे तोच वाद आर्तुरो गॅटी या बॉक्सरवरून सुरू झाला आहे: बॉक्सिंगमधील थोरांना मिळणाऱ्या 'हॉल ऑफ फेम'च्या सन्मानाला तो योग्य होता का? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही आणि तो पद्धतशीरपणे सोडवता येतो, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी मुलांना जी रीत शिकवतो ती येथे लिहितो.

प्रथम सन्मान कोण देतो हे समजून घ्यावे. इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेम ही संस्था अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, कॅनास्टोटा या लहानशा गावी आहे. ती १९८९ मध्ये सुरू झाली आणि सन्मानितांची पहिली तुकडी १९९० मध्ये दाखल झाली. अमेरिकेतील बॉक्सिंग पत्रकारांच्या संघटनेचे सदस्य आणि निरनिराळ्या देशांतील बॉक्सिंगचे इतिहासकार मतदान करून निवड करतात. पूर्वी निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागत असे, २०२० च्या तुकडीपासून ती मुदत तीन वर्षांवर आली. या थांबण्यामागचा हेतू आपणही पाळण्यासारखा आहे: लढतीच्या रात्रीची धुंदी उतरल्यावरच तिचे मोल करावे.

त्यानंतर एक वही घ्यावी आणि त्या बॉक्सरचा हिशेब मांडावा. गॅटी ४९ व्यावसायिक लढती लढला, त्यांपैकी ४० जिंकला, ३१ वेळा प्रतिस्पर्ध्याला वेळेआधी हरवले आणि ९ वेळा हरला. या बेरजेवर निकाल देण्याचा मोह आवरावा, कारण दुबळ्यांना हरवून कोणीही ४० विजय गोळा करू शकतो. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: प्रतिस्पर्धी त्या दिवशी किती वयाचा होता, तो आपल्या नेहमीच्या वजनगटात होता का, आणि त्या लढतीच्या आधी व नंतर त्याने कोणाला हरवले.

अशा रीतीने मांडले की चित्र स्वच्छ होते. जमेच्या बाजूला डिसेंबर १९९५ मध्ये ट्रेसी हॅरिस पॅटरसनकडून गुणांवर जिंकलेले आयबीएफ या बॉक्सिंग संस्थेचे १३० पौंडांचे, म्हणजे सुमारे ५९ किलो गटाचे, विजेतेपद येते. १९९७ मधील गॅब्रिएल रूएलासवरील विजय येतो. आणि जानेवारी २००४ मध्ये जानलुका ब्रांकोला हरवून मिळवलेले डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संस्थेचे १४० पौंड गटाचे विजेतेपद येते. दोन वजनगटांत विजेता होणे ही लहान गोष्ट नाही. वजाच्या बाजूला मात्र १९९८ या एकाच वर्षातले तीन पराभव येतात, एक एंजल मॅनफ्रेडीकडून आणि दोन इव्हान रॉबिन्सनकडून. पुढे २००१ मध्ये ऑस्कर डे ला होयाने त्याला पाचव्या फेरीत थांबवले आणि २००५ मध्ये फ्लॉइड मेवेदरसमोर सहाव्या फेरीनंतर त्याच्याच कोपऱ्यातील माणसांना, म्हणजे त्याच्या प्रशिक्षक मंडळींना, लढत सोडून द्यावी लागली. डे ला होयाची लढत गॅटीच्या नेहमीच्या वजनाहून वरच्या गटात झाली होती, ही सूटही प्रामाणिकपणे नोंदवावी.

पट्ट्यांच्या, म्हणजे विजेतेपदांच्या, बाबतीत येथे एक खबरदारी सांगतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संस्था आपापले विजेते जाहीर करतात, म्हणून एकाच गटात एकाच वेळी चार विजेते असू शकतात. त्यासाठी असलेल्या विजेत्याला हरवून पट्टा जिंकला की कोणाकडेच नसलेला, रिकामा पडलेला पट्टा मिळाला, हे तपासावे. गॅटीने ब्रांकोला हरवून घेतलेला पट्टा रिक्त होता. त्या काळात १४० पौंड गटातील खरा अव्वल बॉक्सर कोस्त्या झ्यू होता आणि गॅटी व झ्यू यांची लढत कधीच झाली नाही. पॅटरसनकडून जिंकलेला पट्टा मात्र पूर्ण मोलाचा आहे, कारण तो त्या गटातील गादीवर बसलेल्या विजेत्याला हरवून घेतलेला होता.

हिशेब झाला की लढती पाहाव्यात, त्याही पूर्ण पाहाव्यात. मोबाईलवर फिरणारे दोन मिनिटांचे तुकडे हे बाजारात वर मांडलेल्या निवडक संत्र्यांसारखे असतात. खालच्या थराचा अंदाज त्यांवरून येत नाही. रात्री ओलिताची लाईट येण्याची वाट पाहत वावरात बसावे लागते, तेव्हा एक संपूर्ण लढत सहज पाहून होते. समालोचकाचा आवाज बंद करावा, कारण त्याचा उत्साह आपल्या नकळत आपल्या गुणांत उतरतो. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण द्यावेत, कोणी खाली पडला तर सहसा १०-८ लिहावे, आणि शेवटी आपली बेरीज पंचांच्या बेरजेशी ताडून पाहावी. गॅटीची मार्च १९९६ मधील विल्सन रॉड्रिगेझविरुद्धची लढत अशी पाहिली की दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात: दुसऱ्या फेरीत खाली पडलेला आणि दोन्ही डोळे सुजलेला माणूस सहाव्या फेरीत एका ठोशावर लढत संपवतो, याने ऊर भरून येतो, पण डोळे इतके सुजले ते त्याचा बचाव सैल होता म्हणून, हेही दिसते. धैर्य आणि कौशल्य यांचे रकाने वहीत वेगळे ठेवावेत, असा माझा आग्रह या लढतीमुळेच आहे.

आता सर्वांत महत्त्वाची कसोटी, जी मी आपल्याकडील शंकरपटावरून, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवरून, घेतली आहे. पटात जोडी धावते, धुरकरी तिला हाकतो, आणि घड्याळातले सेकंद जोडीच्या नावावर लिहिले जातात. एकट्या डाव्या किंवा उजव्या बैलाने पट जिंकला असे कोणी म्हणत नाही. रोमांचक लढतीचेही तसेच आहे. गॅटीचे नाव ज्या तीन लढतींमुळे घरोघरी पोहोचले त्या सर्व मिकी वॉर्डविरुद्ध झाल्या. मे २००२ मधील पहिली वॉर्डने जिंकली, आणि तिच्या नवव्या फेरीत वॉर्डच्या पोटावरच्या ठोशाने गॅटी गुडघ्यावर आला. नोव्हेंबर २००२ आणि जून २००३ मधील पुढच्या दोन गॅटीने जिंकल्या. तिसऱ्या लढतीत त्याचा उजवा हात मोडला, सहाव्या फेरीत तो खालीही पडला, तरी तो सावरला आणि जिंकला. या थरारातला अर्धा वाटा वॉर्डचा आहे. म्हणून स्वतःला विचारावे: केवळ थरारावर प्रवेश द्यायचा असेल, तर ५१ लढतींपैकी १३ हरलेल्या वॉर्डलाही तो देण्याची आपली तयारी आहे का? 'नाही' असे उत्तर आले, तर थरार हा आपला खरा निकष नव्हता हे मान्य करावे आणि गॅटीला वॉर्डपासून वेगळे करणाऱ्या गोष्टींवरच, म्हणजे दोन विजेतेपदे आणि इतर विजयांवर, मत द्यावे.

लोकप्रियतेला शून्य गुण द्यावेत, असा याचा अर्थ नाही. 'रिंग' या बॉक्सिंगच्या मासिकाने १९९७, १९९८, २००२ आणि २००३ अशा चार वर्षी वर्षातील सर्वोत्तम लढत म्हणून गॅटीचीच लढत निवडली, आणि अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमध्ये तो पुन्हा पुन्हा गर्दी खेचत राहिला. हे पुरावे त्याच्या चाहत्यांच्या बाहेरचे आहेत, म्हणून ते धरावेत. पण तोलाची दोन नावे काट्यावर जवळजवळ सारखी उतरली, तर त्या वेळी पारडे झुकवण्यापुरतेच धरावेत. खेळाडूच्या मृत्यूची हळहळ मात्र मुळीच धरू नये. गॅटी जुलै २००९ मध्ये ब्राझीलमध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी गेला; त्याचे दुःख मलाही झाले, पण त्या दुःखाचा त्याच्या ठोशांशी संबंध नाही.

मतदारांनी त्याला २०१३ मध्ये प्रवेश दिला. मी मत देणारा असतो तर 'नाही' लिहिले असते, आणि ते लिहिताना मला जड गेले असते, कारण त्याच्या लढतींनी मला जितके जागवले तितके क्वचितच कोणाच्या लढतींनी जागवले. आपल्या काळातील खऱ्या अव्वल दर्जाच्या दोघांसमोर, म्हणजे डे ला होया आणि मेवेदरसमोर, तो टिकला नाही. पॅटरसन आणि रूएलास हे चांगले बॉक्सर होते, परंतु त्यांच्यावरील विजय एवढे मोठे पराभव भरून काढत नाहीत. त्या तीन लढतींचा सन्मान व्हावा, असे मात्र मला तीव्रतेने वाटते. एकट्या बॉक्सरऐवजी लढतीलाच प्रवेश देणारा विभाग असता, तर गॅटी आणि वॉर्ड यांची नावे एका पाटीवर लावण्यासाठी मी पहिले मत दिले असते.

आखाड्यात हा वाद चालवायचा असेल तर प्रत्येकाला आधी कागदावर आपले मत आणि त्याचे एकच कारण लिहायला सांगावे, आणि सर्व कागद गोळा झाल्यावरच बोलायला सुरुवात करावी, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सर्वांची मते फिरवतो. कारणात 'लढत पाहून मजा आली' एवढेच लिहिलेले असेल, तर तो कागद परत द्यावा आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहून आणायला सांगावे. आमच्याकडे पहिल्या वेळी ११ पैकी ७ कागद परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्या सातही मुलांनी पॅटरसनची लढत पूर्ण पाहिलेली होती.