काळा ठिपका दिसला म्हणजे साल्मोनेला नव्हे

डीएमएलटी किंवा बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून आमच्या लॅबमध्ये आलेली पोरं पहिल्या आठवड्यातच प्लेट घेऊन येतात, "सर, मधात काळं आलं, साल्मोनेलाच हाय नं?" साल्मोनेला म्हणजे टायफॉइड आणि जुलाब घडवणारे जंतू. एक्सएलडी अगारवर, म्हणजे ते वेगळे ओळखायच्या थिजलेल्या माध्यमावर, लाल कॉलनी (जंतूंची वसाहत) आणि मध्ये काळा ठिपका, हा पुस्तकातला फोटो डोक्यात पक्का बसलेला असतो. वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी काम करताना मी त्यांना आधी त्या प्लेटवर काय घडतं ते बोलून दाखवायला लावतो.

यातलं डीऑक्सिकोलेट हे पित्तक्षार ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंना अडवतं. साल्मोनेला आधी झायलोज ही साखर खातो, आम्ल होतं, माध्यम पिवळं पडतं. झायलोज संपलं की तो लायसिन या अमिनो आम्लाकडे वळतो, अल्कली तयार होते आणि रंग परत लाल होतो. थायोसल्फेटपासून तो हायड्रोजन सल्फाइड काढतो, त्याची लोहाशी गाठ पडून काळा रंग येतो. ई. कोलाय लॅक्टोज आणि सुक्रोजही खातो, म्हणून पिवळाच राहतो. हगवणीचा जंतू शिगेला झायलोजला हात लावत नाही. लाल, पण काळं नाही. प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टरमध्येही मध्यभाग काळा येऊ शकतो, पण कॉलनी बहुधा पिवळी असते. साल्मोनेलाचाच एक प्रकार पॅराटायफी ए हायड्रोजन सल्फाइड सहसा काढत नाही, टायफॉइडचा टायफीही काढतो तो थोडाच. म्हणजे टायफॉइडच्या ज्या रोग्यासाठी एवढा खटाटोप, त्याचाच जंतू काळ्याच्या मागे लागलेल्याच्या हातून निसटतो. प्लेट 18 ते 24 तासांत वाचा. उशीर झाला की रंग फसवतात.

माध्यम बनवताना डब्यावरची सूचना वाचा. एक्सएलडी ऑटोक्लेव्ह करायचं नाही. हलवत हलवत उकळी आणायची, सुमारे 50 अंशांपर्यंत निवू द्यायचं आणि ओतायचं. जास्त तापलं की साका खाली बसतो. सेलेनाइट ब्रॉथचंही (साल्मोनेला वाढवायचं पातळ माध्यम) तेच, शिवाय सेलेनाइट विषारी आहे. ग्लोव्हज घालूनच तोला. मृग लागला की पावडर हवेतला ओलावा ओढून गठ्ठा होते, तेव्हा डबा उघडा टाकून चहाला जाऊ नका.

आणि उन्हाळा! साध्या इनक्युबेटरला फक्त हीटर असतो. मे महिन्यात खोलीच 42 अंशांवर गेली तर 37 कुठून राखणार? थंड करणारा बीओडी इनक्युबेटर नसेल तर इनक्युबेटर कूलरच्या खोलीत हलवा आणि आतला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. ही नोंदवही तपासणीला येणारे आधी मागतात.

खेड्यातून शौचाचा नमुना एसटीने येतो, वाटेत अर्धा दिवस जातो. नमुना वाटेत टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात पाठवा म्हणून आरोग्यसेविकेला सांगून ठेवा. टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात मात्र ब्लड कल्चरच उपयोगाचं. शौचात जंतू नंतर सापडतो.

निवडक माध्यम ही चाळणी आहे. तिच्यावर उरलेल्या संशयित कॉलनीचं नाव टीएसआय आणि युरिएज या चाचण्यांवर आणि शेवटी अँटिसेराच्या (ठरावीक जंतूला गुठळ्या करणारं प्रतिपिंडांचं द्रव) स्लाइडवर ठरतं. युरिएज पॉझिटिव्ह आलं की प्रोटियसचा संशय बळावतो आणि अँटिसेरा वाचतात. महाग असतात हो ते.

नोकरी रुग्णालयातच करायची असंही नाही. नागपूरकडे अन्नतपासणी आणि कोंबडीखाद्याच्या लॅब आहेत. तिथे 25 ग्रॅम नमुना 225 मिलि बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये घालून 37 अंशांवर रात्रभर ठेवतात, मग रॅपापोर्ट-वासिलियाडिस या निवडक ब्रॉथमध्ये 41.5 अंशांवर, आणि त्यानंतर एक्सएलडी. हा क्रम आणि प्रत्येक पायरीचं कारण तोंडपाठ असू द्या. मुलाखतीला जाताना सोबत स्वतः लिहिलेली माध्यमांची वही न्या. प्रत्येक माध्यमासाठी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (माध्यम नीट चालतं का हे तपासायचा ओळखीचा जंतू) कोणता, हे त्यात लिहिलेलं असावं.