बँकेतून चिल्लर आणून नाणी शोधताय? या चुका टाळा

बँकेत जाऊन ‘हजार रुपयांची चिल्लर मिळेल का’ असं विचारलं की कॅशियर आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग हसून पिशव्या पुढे सरकवतो. चिल्लर नेणारा गिऱ्हाईक बँकेला आवडतो, आणून देणारा नाही. आपल्याला मात्र दोन्ही करायचं असतं. पिशवी घरी आणायची, नाणी चाळायची, संग्रहाला हवी ती दर्शनी किमतीला ठेवून घ्यायची आणि उरलेली परत नेऊन द्यायची. खर्च जवळपास शून्य. जाते ती दुपार, आणि नीट न चाळल्यामुळे हातची गेलेली नाणी. ही नाणी का जातात, ते मी स्वतःच्या चुकांवरूनच शिकलो.

पहिली चूक: कोरी पिशवी मागणं

पहिल्यांदा मी पाच रुपयांच्या सीलबंद पिशव्या मोठ्या उत्साहाने घरी आणल्या आणि वर्तमानपत्रावर ओतल्या. शंभर नाणी, शंभरांवर एकच साल, खाली एकच खूण. टांकसाळीतून थेट आलेली पिशवी अशीच असते. न वापरलेला एखादा चकचकीत नमुना संग्रहाला हवा असेल किंवा ठसा चुकलेलं नाणं शोधायचं असेल, तर ती ठीक. जुनं काही मिळायचं असेल तर ‘लोकांनी जमा केलेली द्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

जमा झालेल्या मालातही फरक असतो. किराणा दुकानाची चिल्लर रोज फिरत असते, त्यामुळे तीत बहुतेक नवीच नाणी. देवळाच्या दानपेटीचा माल वेगळा. लोक वर्षानुवर्षं डब्यात पडलेली नाणी देवाला वाहतात. अशा पिशवीत हात घातला की बोटं हळदकुंकवाने माखतात, अधूनमधून तांदळाचा दाणाही निघतो. माझी निम्म्याहून जास्त चांगली नाणी अशाच पिशव्यांतून आली. देवस्थानाचा भरणा कोणत्या दिवशी येतो ते कॅशियरला माहीत असतं. विचारा, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पेन्शनच्या रांगेत उभं राहून नको.

लोहचुंबकाच्या भरवशावर राहणं

ही युक्ती छान आहे आणि तीच घात करते. १९९१ पर्यंतचा रुपया तांबे-निकेलचा होता, १९९२ पासून तो स्टीलचा झाला. दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं तांबे-निकेलचं, २००५ पासून तेही स्टीलचं. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं नऊ ग्रॅमचं, तांबे-निकेलचंच. स्टील चुंबकाला चिकटतं, तांबे-निकेल चिकटत नाही. म्हणजे एक-दोन रुपयांच्या ढिगावरून चुंबक फिरवला की नवा माल वर उचलला जातो आणि जुना खाली राहतो. पाच मिनिटांत पिशवी निवडून होते.

पण चिकटलेला ढीग न बघता परत पिशवीत भरलात तर संत ज्ञानेश्वरांच्या स्मरणार्थ काढलेला १९९९ चा रुपया गेला म्हणून समजा. तो स्टीलचा आहे. जयप्रकाश नारायण यांचा २००२ चा आणि महाराणा प्रतापांचा २००३ चा रुपयाही त्याच ढिगात. उलट शिवाजी महाराजांचं १९९९ चं दोन रुपयांचं नाणं तांबे-निकेलचं, ते खाली राहतं आणि आपल्याला वाटतं चुंबकाने सगळं बरोबर निवडलं. चुंबकाने दोन ढीग करा आणि दोन्ही ढीग डोळ्यांखालून घाला.

जाताजाता एक. पाचाची जाड नाणी हल्ली कमी का दिसतात? ती वितळवून ब्लेड करण्यासाठी सीमेपलीकडे बांगलादेशात जात असल्याच्या बातम्या कित्येकदा आल्या होत्या. नाणं वितळवणं आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ‘धातूची किंमत दर्शनी किमतीपेक्षा जास्त’ हे गणित मांडत बसू नका.

चित्र बघणं, सालाखाली न बघणं

सगळ्यात जास्त नाणी इथे निसटतात. नवखा माणूस वेगळं चित्र दिसलं की थांबतो आणि साध्या रुपयावरून नजर पुढे नेतो. पण साध्या रुपयाची गंमत सालाच्या खाली असते. चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण, असेल तर मुंबईची टांकसाळ. चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. खूण झिजून गेली असं समजून ते नाणं बाजूला टाकू नका.

झिजलेल्या नाण्यावर चौकटीचे कोपरे गोल होतात आणि ती हुबेहूब ठिपक्यासारखी दिसते. अशा वेळी साल बघायचं. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावरचा ठिपका नोएडाचा असूच शकत नाही. घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग घ्या आणि दिवा बाजूने, तिरपा धरा. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात स्टीलचं नाणं नुसतं चमकतं, दिसत काहीच नाही.

आणि मग परदेशी खुणा. टंचाईच्या काळात सरकारने काही नाणी बाहेरच्या देशांत पाडून आणली. १९८५ च्या रुपयाखाली इंग्रजी ‘एच’ दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. नव्वदच्या दशकाअखेरच्या रुपयावर ‘एमके’ ही अक्षरं असतील तर तो स्लोव्हाकियातल्या क्रेम्निका टांकसाळीचा, ‘एम’च्या डोक्यावर बारीकसा ‘ओ’ असेल तर मेक्सिकोचा. पाचाच्या जाड नाण्यावर दोन ‘एम’ आणि त्यापुढे घराच्या आकाराचं रशियन ‘डी’ दिसलं तर ते मॉस्कोचं. भाजीवाल्या मावशींच्या गल्ल्यात मॉस्कोत पाडलेलं नाणं सापडतं, यासाठीच तर हा उद्योग.

दहा रुपयांची नाणी ‘खोटी’ म्हणून बाजूला काढणं

वर दहा रेघा असलेलं खरं आणि पंधरा रेघांचं बनावट, ही अफवा अजून गेलेली नाही. दोन्ही खरी आहेत. तोपर्यंत आलेले दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केलं. लोक घ्यायला नकार देतात, म्हणूनच ती बँकेत साचतात आणि आपल्याला चाळायला मिळतात. अफवेचा असाही उपयोग.

घासणं

१९८५ चा ‘एच’चा माझा पहिला रुपया काळपट होता. आजी तांब्याचा गडू चिंचेने घासायची, ते डोळ्यांपुढे आलं. चिंच लावली, जुन्या टूथब्रशने घासला, धुतला. रुपया लख्ख झाला. नाण्यांच्या प्रदर्शनात एका जुन्या विक्रेत्या काकांना तो दाखवला, त्यांनी दिव्याखाली जरासा तिरका केला आणि विचारलं, ‘घासलात ना?’ ब्रशचे शेकडो बारीक ओरखडे एकाच दिशेने चमकत होते. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही, नाणं माझ्या तळहातावर परत ठेवलं. माझ्याकडे तो अजून आहे.

कुंकू, तेल लागलं असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ कापडाने दाबून टिपा. लिंबू, चिंच, राख, भांड्यांची पावडर, काहीही नको. कडेला धरायची सवय लावा. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यांत ठेवू नका, काही वर्षांत त्यातल्या तांबे-निकेलवर हिरवट चिकट थर येतो. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.

ठोकलेलं नाणं ‘एरर’ समजणं

दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून सैल केलेला, रुपयाची कड कानशीने घासलेली, गाडीच्या चाकाखाली चेपलेलं नाणं. ही टांकसाळीची चूक नव्हे, कुणाचा तरी उपद्व्याप आहे. खरी आणि घरबसल्या तपासता येणारी चूक म्हणजे फिरलेला ठसा. नाणं वर-खाली दोन बोटांत सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. आपल्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. थोडी कललेली नाणी ढिगाने मिळतात, त्यांचं कौतुक करू नका. पार आडवी किंवा उलटी दिसली तर ठेवून घ्या.

लाखांची स्वप्नं

वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, असले व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. प्रदर्शनात वापरलेली स्मारक नाणी विक्रेत्यांच्या टेबलावर पाच-दहा-वीस रुपयांच्या ट्रेमध्ये पडलेली असतात, स्वतः जाऊन बघा. ‘तुमचं नाणं घेतो, आधी कमिशन किंवा कर भरा’ असा फोन आला तर तो लगेच बंद करा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून हे प्रकार चालतात आणि आपला त्यांच्याशी काहीही संबंध नाही, असा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

परत देताना वजनावर मोजणं

ही माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. २०११ पासूनचा रुपया ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे शंभर रुपये ३७९ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा काढला, पिशव्या भरल्या आणि एकेक नाणं मोजण्याची कटकट वाचली म्हणून खूश होऊन बँकेत गेलो. कॅशियर मॅडमनी एक पिशवी उघडली, काउंटरवर ओतली आणि दहादहाचे ढीग लावायला सुरुवात केली. नऊ ढीग झाले आणि नाणी संपली. चौपन्न नवी होती आणि छत्तीस २०११ च्या आधीची, प्रत्येकी ४.८५ ग्रॅमची. काट्यावर ३७९ ग्रॅम बरोब्बर भरले होते आणि पिशवीत नाणी नव्वदच होती. आता तर २०१९ पासूनचा ३.०९ ग्रॅमचा रुपयाही त्यात मिसळतो.

मोजूनही फसायला होतं. जुने स्टीलचे पन्नास पैसे आकाराने आणि वजनाने २०११ च्या रुपयासारखेच, आणि पंचवीस पैसे नव्या छोट्या रुपयाच्या आसपास. पन्नास पैसे आजही वैध आहेत, पण रुपयाच्या पिशवीत ते रुपया होत नाहीत. पंचवीस पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. दोन्ही आधीच वेचून काढा.

मॅडमनी बाकीच्या पिशव्या न उघडताच माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, ‘सर, घरी मोजून आणा.’ आता मी दहादहाचे ढीग लावतो, शंभराच्या प्रत्येक पिशवीवर पेनने साल-खुणांची नोंद करतो आणि दुपारी तीननंतर, काउंटर रिकामा असताना जातो. त्या अजूनही पहिली पिशवी उघडून बघतात.